पत्र्यावर चढण्याआधी

वैशाख पौर्णिमा झाली की आपल्या वस्त्यांमध्ये पावसाळ्याची तयारी सुरू होते. कोणी पत्र्याच्या भोकांना डांबर लावतो, कोणी ताडपत्री ओढून तिच्यावर विटा आणि जुने टायर ठेवतो, कोणी पन्हळीत साचलेला पाला आणि माती उपसतो. मुंबईत पाऊस साधारण 10 जूनच्या आसपास येतो. त्यामुळे मेचा शेवटचा आणि जूनचा पहिला रविवार, सुट्टी साधून घराघरातला एक माणूस पत्र्यावर असतो.

सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या वॉर्डात मी नर्स म्हणून बरीच वर्षे काढली. या दिवसांत पत्र्यावरून पडलेली माणसे तिथे हमखास येत. कोणाची टाच फुटलेली, कोणाचे मनगट, कोणाचा पाठीचा मणका. सोबत आलेले नातेवाईक बहुतेक वेळा एकच बोलत: "नशिबात होतं, सिस्टर."

ज्या घरात तथागत बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा आहेत, त्या घरातसुद्धा हे वाक्य ऐकू येते. आपल्या धम्माने आपल्याला शिकवले आहे की कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण दूर केले की परिणाम टळतो. पत्र्यावरून पडण्यालाही कारणे असतात. ती मोजकी आहेत, ओळखता येतात, आणि त्यातली बरीचशी आपल्या हातात आहेत. ती कोणती, हे या महिन्यात पाहू.

काम टाळता येत नाही

पन्हळ साफ करूच नका, असे सांगून चालणार नाही. पन्हळ तुंबली की पाणी उलटे पत्र्याखाली शिरते, भिंत ओली होते, भिंतीतली वायर भिजते. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. हा डास दिवसा चावतो, म्हणजे घरात झोपवलेले बाळ आणि घरीच असलेली म्हातारी माणसे त्याच्या तावडीत आधी सापडतात. आपण पिंप झाकतो, कुंडीखालची ताटली उपडी करतो, पण डोक्यावरची पन्हळ दिसत नाही म्हणून राहून जाते. ताडपत्रीवर ठेवलेल्या टायरमध्येही पाणी साचते. टायर ठेवायचाच असेल तर त्याला खालून भोके पाडा.

म्हणजे काम करायलाच हवे. प्रश्न इतकाच की ते कसे करायचे.

दहा फूट म्हणजे काही कमी नाही

"एवढ्याशा उंचीवरून काय होतंय?" असे आपण म्हणतो. हिशोब करून पाहा. दहा फुटांवरून पडलेला माणूस पाऊण सेकंदाच्या थोडे पुढे जमिनीवर असतो, आणि आदळताना त्याचा वेग ताशी 28 किलोमीटरच्या जवळ असतो. पाऊण सेकंदात माणूस काहीही पकडू शकत नाही. आपल्या गल्लीत खाली मऊ माती नसते. लादी असते, गटाराचे झाकण असते, नळाचा पाइप असतो, मोटारसायकल असते.

उभा माणूस पायावर पडला की टाच फुटते आणि तोच धक्का वर कमरेच्या मणक्यापर्यंत जातो. म्हणून उंचावरून पडून टाच मोडली असेल तर डॉक्टर कमरेचाही एक्स-रे सांगतात. तो खर्च वाचवू नका. मणका मोडून आतली मज्जारज्जू, म्हणजे मेंदूकडून पायांकडे जाणारी नस, दबली किंवा तुटली तर पाय लुळे पडतात. लघवी-संडासवरचा ताबा जातो. मग घरात एक जण कायम त्यांच्याजवळ लागतो. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाही तर पाठीला आणि ढुंगणाला जखमा होतात, त्यांत पू होतो. दहा बाय दहाच्या खोलीत हे सगळे करणारी बहुतेक वेळा बायको किंवा आई असते, आणि तिचे बाहेरचे काम सुटते. एका पडण्याने घरातल्या दोन कमाया जातात.

पडण्याची कारणे

*पत्रा फुटतो.* सिमेंटचा पत्रा वरून दगडासारखा दिसतो, पण माणसाचे वजन पेलेल याचा भरवसा नसतो. उन्हापावसात तो ठिसूळ होत जातो. फुटताना तो आधी कुरकुरत नाही, एकदम तुकडा पडतो आणि माणूस थेट घरात. "बोल्टच्या ओळीवरून चाललं की काही होत नाही," असे जुने मिस्त्री सांगतात. खालच्या वाशावर पाय पडतो हे खरे, पण ती ओळ बोटभर रुंदीची असते. तोल जरा गेला की पाय बाजूला पडतो, आणि बाजूला फक्त पत्रा असतो. सगळ्यात फसवा म्हणजे उजेडासाठी बसवलेला फायबरचा पारदर्शक पत्रा. धूळ आणि डांबर बसून तो इतर पत्र्यांसारखाच दिसतो, आणि ताकद तर त्याहून कमी. घराच्या मालकाला तो कुठे आहे हे माहीत असते, बाहेरून आलेल्या कामगाराला नसते. लोखंडी पत्राही गंजला की बोल्टभोवती कागदासारखा होतो.

*शिडी सरकते.* किंवा शिडीच नसते. पिंपावर स्टूल, स्टुलावर पाय, मग खिडकीची जाळी, मग शेजारच्यांची टाकी, असे चढणारे आपण रोज पाहतो. शिडी असली तरी ती पन्हळीलाच टेकवली जाते. पन्हळ वाकली की शिडी घसरते.

*करंट बसतो.* वस्तीत पत्र्यावरून वायरी गेलेल्या असतात. कुठे आवरण गेलेले असते, कुठे जोड नुसता चिकटपट्टीने बांधलेला असतो. झटका छोटा असला तरी माणूस दचकून तोल सोडतो आणि पडतो. त्यामुळे पडण्याचे खरे कारण करंट होते, हे कधी कळतही नाही.

*शरीर साथ देत नाही.* मे महिन्यात दुपारी बाराला पत्रा तव्यासारखा तापलेला असतो. उपाशीपोटी, घाम गाळत, वाकून काम करून माणूस एकदम उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांना, फिट येणाऱ्यांना हा धोका जास्त. दारू घेतलेल्या माणसाबद्दल वेगळे सांगायला नको. पंचशीलातले पाचवे शील पाळण्याचे हे एक रोकडे कारण आहे.

आधी पाहा, न चढता होते का

उंचीवरचे सगळ्यात सुरक्षित काम म्हणजे जमिनीवरून केलेले काम. आपल्याकडची बरीच घरे आठ-नऊ फुटांची असतात. त्यांची पन्हळ खालून साफ करता येते.

लांब बांबूच्या टोकाला पत्र्याची वाकडी पट्टी किंवा अर्धा कापलेला प्लास्टिकचा डबा घट्ट बांधा. त्याने पाला आणि माती ओढून घेता येते. नंतर पाइपने पाणी मारले की उरलेला गाळ वाहून जातो. जवळून वायर जात असेल तर बांबूही तिच्यापासून लांब ठेवा आणि पाणी मारू नका. डोळ्यांत घाण पडू नये म्हणून साधा चष्मा लावा आणि थेट खाली उभे राहू नका. पन्हळीत उंदरांची लघवी आणि मेलेले पक्षी असतात. हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधा, आणि नंतर हात साबणाने धुवा. हातापायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. उंदराच्या लघवीतून लेप्टोचा ताप येतो.

एकदा खर्च करून पुढची चढाई वाचवता येते. पन्हळीचे तोंड जिथे खालच्या पाइपला मिळते तिथे तारेच्या जाळीचा गोळा बसवा, म्हणजे पाइप तुंबत नाही. पन्हळीला दहा फुटांमागे किमान अर्धा इंच उतार ठेवायला मिस्त्रीला सांगा. उतार असेल तर माती बसत नाही आणि पाणी साचत नाही. पन्हळीवर येणारी झाडाची फांदी तोडायची असेल तर ते काम पालिकेचे आहे. तसा अर्ज द्या, स्वतः कोयता घेऊन चढू नका.

चढावेच लागले तर

हे मुद्दे कापून पत्र्याखालच्या भिंतीवर चिकटवले तरी चालतील.

1. वेळ. सकाळी सात ते नऊ. पत्रा कोरडा हवा. दव, शेवाळ, पावसाची सर किंवा वारा असेल तर काम उद्यावर. चढण्याआधी चहा-बिस्किट तरी खा आणि पाणी प्या. उपोसथ असेल तर त्या दिवशी चढू नका.

2. वीज. घराचा मेन स्विच बंद करा. पण लक्षात ठेवा, खांबावरून घरापर्यंत येणारी वायर मेन बंद केल्यावरही चालूच असते, आणि शेजाऱ्याची वायरही. त्यांच्याजवळ जायचे नाही. पत्र्याला किंवा नळाला हात लागल्यावर कधी झिणझिण्या आल्या असतील तर वायरमनला दाखवल्याशिवाय चढू नका. शिडी कोरड्या बांबूची किंवा लाकडाची असावी. लोखंडी आणि ॲल्युमिनियमची शिडी वायरींजवळ नको. घराच्या बोर्डात 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो, तो बसवून घ्या. पत्र्यात करंट उतरला तर तो लाइन तोडतो.

3. शिडी. चार फूट उंचीला एक फूट, हे माप लक्षात ठेवा. शिडी दहा फुटांवर टेकत असेल तर तिचे पाय भिंतीपासून अडीच फूट पुढे हवेत. त्याहून उभी ठेवली तर ती मागे पडते, त्याहून आडवी ठेवली तर पाय सरकतात. शिडीचे टोक पत्र्याच्या कडेपेक्षा तीन फूट वर निघायला हवे, म्हणजे उतरताना हाताला आधार मिळतो. ती पन्हळीला टेकवू नका, भिंतीला किंवा तुळईला टेकवा आणि वर दोरीने बांधा. गुळगुळीत लादीवर शिडीच्या पायाखाली ओले गोणपाट घाला.

4. खाली एक माणूस. तो शिडी धरेल, पोरांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवेल, हत्यारे दोरीने बादलीतून वर देईल. त्याने मोबाइल पाहत उभे राहायचे नाही. शाळकरी मुलाला या कामाला उभे करू नका. "पोरगं हलकं आहे, पत्रा फुटणार नाही," असे म्हणून त्यालाच वर पाठवणे तर कधीच नको.

5. चढताना. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन टेकू कायम शिडीवर हवेत. म्हणून हातात बादली घेऊन चढायचे नाही. चप्पल काढा, रबरी तळाचा बंद बूट घाला. शिडीवरून काम करताना कमरेचा पट्टा शिडीच्या दोन दांड्यांच्या आतच राहिला पाहिजे. हात पोचत नसेल तर वाकू नका, उतरा आणि शिडी सरकवा.

6. पत्र्यावर फळी. थेट पत्र्यावर पाय ठेवायचा नाही. दीड इंच जाडीची, फूटभर तरी रुंद आणि खालच्या तीन वाशांवर टेकेल इतकी लांब, अशा दोन फळ्या लागतात. एकीवर उभे राहून दुसरी पुढे सरकवायची. उतार असेल तर फळी वरच्या बाजूला बांधून घ्या. फायबरच्या पत्र्यावर आधी खालून बघून खडूने मोठी फुली मारा.

7. दोरी आणि हार्नेस. नुसता कमरेचा पट्टा पुरेसा नाही. लटकल्यावर तो पोटाला आणि कमरेला इजा करतो. खांदे आणि मांड्या दोन्ही धरणारा पूर्ण हार्नेस हवा, आणि त्यावर आयएस 3521 हा भारतीय मानकाचा शिक्का पाहा. तो अँटेनाच्या पाइपला, पन्हळीला किंवा टाकीला बांधू नका. काँक्रीटचा खांब किंवा तुळई शोधा. दहा-बारा फुटांच्या घरावर सहा फुटांची दोरी बांधली तर माणूस लटकण्याआधीच जमिनीला लागू शकतो. म्हणून दोरी इतकी आखूड ठेवा की पत्र्याच्या कडेपर्यंत पोचताच येणार नाही. मात्र फळी आणि शिडीऐवजी हार्नेस चालत नाही, तो त्यांच्या जोडीला आहे.

याच गोष्टी जयंतीच्या वेळीही पाळाव्यात. विहाराच्या घुमटावर पंचशील ध्वज लावताना, 14 एप्रिलला गल्लीभर पताका आणि लाइटिंग बांधताना पोरे उत्साहात वायरीच्या खांबावर चढतात. त्यांना थांबवणे हे मंडळाच्या मोठ्या माणसांचे काम आहे.

सिमेंटच्या पत्र्याची धूळ

वस्तीतल्या बहुतेक जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. पत्रा शाबूत असेल तर त्याच्याखाली राहून घाबरण्यासारखे फारसे नाही. तो घासला, कापला, त्याला भोके पाडली किंवा तो फोडला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात अडकून बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सगळ्या प्रकारचे ॲस्बेस्टॉस माणसात कर्करोग करणारे म्हणून नोंदवले आहे. त्रास आज दिसत नाही. तो वीस, तीस, चाळीस वर्षांनी धाप लागणे, छातीत दुखणे असा येतो, आणि तोवर आपण ते काम केल्याचे विसरलेलो असतो.

म्हणून शेवाळ काढायला पत्रा तारेच्या ब्रशने कोरडा घासू नका. डांबर लावायचे असेल तर ती जागा ओल्या फडक्याने पुसून, वाळू द्या आणि मग लावा. तोंडाला रुमाल बांधला की झाले असे समजू नका, हे तंतू रुमालातून आत जातात. फुटलेले तुकडे ओले करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. चुलीखाली, न्हाणीच्या लादीत किंवा गल्लीच्या खड्ड्यात भराव म्हणून ते वापरू नका. कामाचे कपडे घरात झटकू नका, वेगळे भिजवून धुवा.

गंजलेल्या पत्र्याने कापले तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. जखमेत हळद, चुना, तंबाखू भरू नका.

कोणी पडलेच तर

पहिल्या दहा मिनिटांत वस्ती धावून येते. हे आपले मोठे बळ आहे, आणि इजाही इथेच वाढते. चार जण हात-पाय धरून उचलतात, बसवतात, पाणी पाजतात, रिक्षात दुमडून टाकतात. मणका मोडलेला असेल तर या ओढाताणीत आतली नस आणखी दुखावू शकते.

करायचे असे:

- माणूस वायरीला किंवा करंट आलेल्या पत्र्याला चिकटलेला असेल तर आधी लाइन बंद करा. त्याला हात लावू नका.
- त्याला जिथे पडला तिथेच, तसाच ठेवा. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके स्थिर धरावे. मान वळवू नका, डोक्याखाली उशी देऊ नका.
- दुसऱ्याने 108 ला फोन करावा. महाराष्ट्रात 2014 पासून ही रुग्णवाहिका मोफत आहे. गल्लीत गाडी येत नसेल तर एक मुलगा हमरस्त्यावर उभा करा.
- रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा.
- शुद्धीवर असेल तर विचारा: पायाची बोटे हलतात का? पायाला स्पर्श कळतो का? उत्तर लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.
- तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. लगेच ऑपरेशन लागू शकते. कांदा, चप्पल हुंगवू नका.
- उलटी होत असेल तर मान न पिळता सगळे शरीर एकदम एका कुशीवर वळवा.
- श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला 100 ते 120 वेळा, दोन इंच खोल दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

गाडी येणारच नसेल आणि न्यावेच लागले तर घराचा दरवाजा किंवा रुंद फळी काढा. एक जण डोक्याशी, तिघे एका बाजूला. डोक्याशी असलेल्याने "एक, दोन, तीन" म्हणायचे आणि ओंडका वळवावा तसे सगळे शरीर एकदम कुशीवर करून खाली फळी सरकवायची. मग कपाळ, छाती आणि मांड्या ओढणीने फळीला बांधायच्या आणि टेम्पोत झोपवून न्यायचे. हाडवैद्याकडे नेऊ नका.

पडलेला माणूस उठून चालू लागला तरी एक-दोन दिवस लक्ष ठेवा. वारंवार उलटी, न थांबणारी डोकेदुखी, जास्त झोप, बडबड, फिट, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, एक बाहुली मोठी दिसणे, यातले काहीही झाले तर रात्र असली तरी रुग्णालयात न्या.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्याला भेटा.

दुसऱ्याच्या पत्र्यावर

आतापर्यंत आपल्या घराबद्दल बोललो. पण आपली मुले जास्त करून दुसऱ्यांच्या पत्र्यावर चढतात. सकाळी नाक्यावर उभे राहायचे, ठेकेदाराने दोघा-तिघांना गाडीत घ्यायचे, आणि एखाद्या गोदामाच्या किंवा कारखान्याच्या वीस-पंचवीस फूट उंच शेडची पन्हळ साफ करायला चढवायचे. ना फळी, ना हार्नेस, ना पत्र्याचे वय माहीत. मॅनहोलमध्ये कोण उतरते आणि पत्र्यावर कोण चढते, हे पाहिले की दोन्ही माणसे एकाच वस्तीतली निघतात.

वॉर्डात एक चोवीस वर्षांचा मुलगा आला होता. शेडचा पत्रा फुटून पडला होता, कमरेखाली जाणीव नव्हती. आणणाऱ्याने केसपेपरवर "घरी जिन्यावरून पडला" असे लिहून घेतले. मुलाने चार दिवसांनी खरे सांगितले. तोवर आणणाऱ्याचा फोन बंद झाला होता, आणि घरच्यांकडे कामाच्या जागेचा एकही कागद नव्हता.

हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे, म्हणून ठासून सांगते. रुग्णालयात खरे सांगा: कुठे पडला, किती उंचीवरून, कोणाच्या कामावर. एमएलसी, म्हणजे पोलिसात नोंद होणारी केस, झाली की लोक घाबरतात. ती नोंद तुमच्याविरुद्ध नसते. तीच पुढे तुमचा पुरावा असते. उंची खरी कळली तर डॉक्टरही कोणती इजा शोधायची ते ठरवू शकतात. केसपेपरची झेरॉक्स, कामाच्या जागेचा फोटो, सोबतच्या कामगारांची नावे, ठेकेदाराशी झालेले मोबाइलवरचे बोलणे जपून ठेवा आणि कामगार आयुक्त कार्यालयात किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाकडे लवकर जा. कामावर झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व या देशात 1923 च्या कायद्यापासून आहे. ठेकेदाराने हातात ठेवलेले पाच-दहा हजार घेऊन कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीत पुढे आली. मजुराचे शरीर हा सरकारने विचार करण्याचा विषय आहे, हे त्यांनी कायद्यात आणले. 1948 च्या कारखाने अधिनियमात उंचीवर काम करणाऱ्याला पडण्यापासून संरक्षण देण्याची तरतूद होती. 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात इमारतीची दुरुस्ती आणि देखभाल हीसुद्धा बांधकामात धरली. म्हणजे पत्रा बदलणारा आणि पन्हळ दुरुस्त करणारा हाही बांधकाम कामगार आहे. वय 18 ते 60 असेल आणि वर्षात 90 दिवस असे काम केल्याचा दाखला असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. अपघात झाल्यावर नोंदणी करता येत नाही, आज करा.

गाडीत बसण्याआधी ठेकेदाराला चार प्रश्न विचारा. पत्रा सिमेंटचा आहे का, किती जुना? फळ्या आणि शिडी आहे का? लाइन बंद करणार का? हार्नेस कशाला बांधायचा? एकट्याने विचारले तर तो दुसऱ्याला घेऊन जाईल, हे मला माहीत आहे. नाक्यावरच्या दहांनी हेच विचारले तर त्याला फळ्या आणाव्या लागतील. म्हणून हे प्रश्न घराघरात नको, नाक्यावर आणि विहारात बोलले गेले पाहिजेत.

विहाराची शिडी

शेवटी एक सूचना. प्रत्येक घराने शिडी, फळ्या आणि हार्नेस घेणे परवडणार नाही, आणि ठेवायला जागाही नाही. पण विहाराला परवडेल. एक चांगली बांबूची शिडी, दोन फळ्या, एक हार्नेस, तीस फूट जाड दोरी, दोन हेल्मेट, लांब बांबूचा आकडा आणि एक रुंद फळी स्ट्रेचर म्हणून. जयंतीच्या वर्गणीतून थोडे बाजूला काढले तर एका वर्षात हे जमते. वही ठेवा, कोणी नेले आणि कधी परत आणले याची नोंद करा, आणि शिडीची पायरी हलत असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत कोणाला देऊ नका.

मेच्या एका रविवारी वंदनेनंतर तासभर बसा. वस्तीतला वायरमन, एखादा जुना मिस्त्री आणि जवळच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर यांना बोलवा. मुलांना आणि बायांना शिडी लावायला, फळीवर माणूस घ्यायला आणि छाती दाबायला शिकवा. कोणत्या गल्लीत कोणाच्या पत्र्यावर फायबर आहे, कुठे वायर उघडी आहे, कोणत्या घरात एकटी म्हातारी राहते आणि तिची पन्हळ कोण साफ करणार, याची यादी त्याच बैठकीत करा.

पाऊस यायला दिवस थोडे आहेत. या रविवारी चढणार असाल तर आज संध्याकाळी शिडी आणि फळी पाहून घ्या. फळी मिळाली नाही तर चढू नका, एक आठवडा घराखाली बादली ठेवा.

जय भीम.